वाळूतला लव्हाळा आणि एक उद्गारचिन्ह

१/
समुद्रकिनाऱ्यावर उगवणाऱ्या एका लव्हाळ्याचा इतिहास लिहायचा झाला, तर त्याची साधने कोणती? त्याच्यावर कोणी बखर रचली नाही आणि त्याच्यासाठी कोणती सनदही निघाली नाही. तरीही सव्वादोनशे वर्षांहून अधिक काळ त्याचे पुरावे जाड कागदावर चिकटवलेल्या वाळक्या काड्यांच्या रूपाने कपाटांत जपले गेले आहेत. हा धागा त्या कागदांविषयी आहे. इतिहासाच्या अस्सल साधनांना लावतो त्या सर्व कसोट्या या कागदांनाही लावाव्या लागतात, आणि त्या लावल्या की हे कागद अनपेक्षित गोष्टी सांगू लागतात.

२/
प्रथम वनस्पतीची ओळख. शास्त्रीय नाव सायपरस अरेनेरियस. लॅटिन भाषेत ‘अरेना’ म्हणजे वाळू. रोमन आखाड्यांत वाळू पसरलेली असे, म्हणून आखाड्यालाही पुढे तेच नाव पडले. अरेनेरियस म्हणजे ‘वाळूतला’. इराणच्या आखातापासून पाकिस्तान, भारत, श्रीलंका आणि पुढे व्हिएतनामपर्यंतच्या किनाऱ्यांवर तो आढळतो. कोकण आणि गोव्याच्या पुळणींवरही तो आहे. मात्र त्यावरून चालत जाणाऱ्याचे त्याच्याकडे सहसा लक्ष जात नाही.

३/
तो मुस्तक कुलातला, म्हणजे नागरमोथ्याचा सख्खा भाऊबंद. तुकोबांच्या अभंगामुळे मराठी मनाला लव्हाळा परिचित आहे, पण तो नदीकाठचा. हा समुद्राकाठचा. वाळूखालून याचे खोड आडवे धावते आणि ठरावीक अंतराने वर कोंब काढते, त्यामुळे वरून पाहता शिवणीच्या टाक्यांसारखी कोंबांची रांग दिसते. ही शिवण खरोखरच वाळू बांधून ठेवण्याचे काम करते. वाऱ्याने उडणारी वाळू अशा वनस्पतींपाशी अडते, साठते, आणि हळूहळू तिची टेकडी होते.

४/
आता साधनाची ओळख. वनस्पती दाबून, वाळवून, कागदावर चिकटवून ठेवलेल्या संग्रहाला हर्बेरियम म्हणतात. ही पद्धत रूढ करण्याचे श्रेय सोळाव्या शतकातील इटालियन वैद्य लुका गिनी याला दिले जाते. प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात, बहुधा उजवीकडे खाली, एक चिठ्ठी असते : वनस्पतीचे नाव, ती कोठे मिळाली, केव्हा, आणि कोणी गोळा केली. आज जगभरात अशी साडेतीन हजारांच्या आसपास हर्बेरियम आहेत आणि त्यांतील नमुन्यांची संख्या सुमारे ४० कोटी आहे.

५/
आपल्या लव्हाळ्याची लेखी कथा सुरू होते ती डेन्मार्कच्या एका वसाहतीपासून. तमिळ किनाऱ्यावरचे तरंगंबाडी, युरोपीयांच्या तोंडी ट्रंकेबार. १६२० मध्ये डेन लोकांनी तेथे किल्ला बांधला आणि १८४५ मध्ये ही वसाहत इंग्रजांना विकली. १७६८ मध्ये तेथे एक वैद्य दाखल झाला : योहान गेरहार्ड कोनिग. जन्म १७२८, बाल्टिक समुद्राकाठच्या लिव्होनिया प्रदेशात. शिक्षण स्वीडनमधील उप्साला येथे, प्रत्यक्ष लिनियसच्या हाताखाली.

६/
कोनिगचे हिंदुस्थानातील आयुष्य नोकऱ्या बदलण्यात गेले. आधी डॅनिश मिशनचा वैद्य, १७७४ पासून अर्काटच्या नवाबाच्या पदरी निसर्गतज्ज्ञ, १७७८ पासून इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीच्या मद्रास इलाख्यात. मालक बदलत गेले तरी काम तेच राहिले : पूर्व किनारा तुडवायचा, झाडे गोळा करायची, वाळवायची आणि युरोपातील विद्वानांना पाठवायची. मधल्या काळात तो सयाम आणि मलाक्का येथेही जाऊन आला. १७८५ च्या जून महिन्यात काकिनाड्याजवळ त्याचा मृत्यू झाला. आपली कागदपत्रे त्याने लंडनच्या सर जोसेफ बँक्स यांच्या स्वाधीन केली.

७/
कोनिगच्या वनस्पती ज्यांच्याकडे पोहोचत, त्यांत स्वीडनच्या लुंड विद्यापीठाचे अँडर्स यान रेत्सियुस हे एक होते. १७७९ ते १७९१ या काळात त्यांनी वनस्पतिनिरीक्षणांचे सहा भाग लॅटिनमध्ये प्रसिद्ध केले. त्यांतील चौथ्या भागात, १७८६ साली, वाळूतल्या या लव्हाळ्याला आजचे नाव मिळाले. आधार होता कोनिगने भारतातून पाठवलेला नमुना. नाव छापून आले तेव्हा कोनिगच्या मृत्यूला वर्ष उलटत होते.

८/
ज्या नमुन्यावरून एखाद्या जातीला नाव मिळते, त्याला ‘टाइप’ म्हणतात. पुढे कधीही वाद झाला, दोन जातींची गल्लत झाली, तर शेवटचा निवाडा या नमुन्यापाशी होतो. शिक्क्याची मूळ सनद एकच असावी आणि बाकी सगळ्या तिच्या नकला असाव्यात, तसेच हे. कोरोमंडल असो की कोकण, या लव्हाळ्याच्या प्रत्येक काडीची ओळख कायद्याने बांधली गेली आहे ती लुंडमधल्या एका वाळक्या काडीशी. वसाहतींच्या काळात ज्ञान कोणत्या दिशेने वाहत होते, हे समजण्यास हे एक उदाहरण पुरेसे आहे.

९/
याची तुलना शंभर वर्षांपूर्वीच्या एका ग्रंथाशी करून पाहण्यासारखी आहे. डच गव्हर्नर व्हान ऱ्हेडे यांचा ‘हॉर्टस मलबारिकस’ १६७८ ते १६९३ या काळात अॅम्स्टरडॅम येथे बारा खंडांत निघाला. त्यात वाळवलेले नमुने नव्हते. होती ती चित्रे आणि साक्षी. मल्याळी वैद्य इट्टी अच्युतन यांची साक्ष आणि रंग भट, विनायक पंडित, अप्पू भट या तीन कोकणी ब्राह्मणांचे नागरी लिपीतील प्रमाणपत्र त्यात छापलेले आहे. माहिती देणारा कोण, हे तेथे पुस्तकाच्या आरंभीच सांगितले होते.

१०/
अठराव्या शतकाच्या अखेरीस ही रीत मागे पडली. लिनियसच्या पद्धतीत साक्षीदाराच्या शब्दापेक्षा वस्तूला महत्त्व आले. काडी समोर आहे, मग ती दाखवणारा कोण याची विचारपूस कशाला? शास्त्राच्या दृष्टीने यात लाभ होता. कोणाच्याही शब्दावर विसंबून राहण्याची गरज उरली नाही, प्रत्येकाला स्वतः पडताळा घेता येऊ लागला. इतिहासाच्या दृष्टीने मात्र एक हानी झाली. वाट दाखवणारे, पेट्या वाहणारे, वनस्पतीचे स्थानिक नाव सांगणारे लोक कागदावरून पुसट होत गेले.

११/
आता पश्चिम किनाऱ्याकडे वळू. मुंबई इलाख्यातील वनस्पतींची नोंद एकोणिसाव्या शतकात ज्यांनी केली, त्यांतील बरेच जण पेशाने वनस्पतिशास्त्रज्ञ नव्हते. अलेक्झांडर गिब्सन मूळचा वैद्य. पुण्याजवळच्या दापोडीच्या वनस्पती उद्यानाचा अधीक्षक आणि १८४७ पासून इलाख्याचा पहिला वनसंरक्षक. निकोल अलेक्झांडर डाल्झेल जकात खात्यातला. जॉन एलर्टन स्टॉक्स सिंधमध्ये देवीच्या लसीकरणाच्या कामावर. जॉन सदरलँड लॉ मुलकी सेवेतला.

१२/
या नोकरीपेशाचा पुराव्यावर परिणाम होतो. जकातीचा अधिकारी बंदरांवरून फिरणार, म्हणून डाल्झेलच्या वनस्पती मालवण-वेंगुर्ल्याच्या बाजूच्या अधिक मिळतात. वनाधिकारी घाटात फिरणार, म्हणून त्याच्या पेटीत सह्याद्री अधिक. डाल्झेल आणि गिब्सन यांनी मिळून १८६१ मध्ये ‘बॉम्बे फ्लोरा’ हा इलाख्याच्या वनस्पतींचा ग्रंथ सिद्ध केला. वनस्पती कोठे उगवते याबरोबरच साहेबाची बदली कोठे झाली होती, याचाही तो एक नकाशा आहे.

१३/
स्टॉक्सची गोष्ट थोडी करुण आहे. सिंध आणि कोकण दोन्हीकडच्या मोठ्या संग्रहासह तो इंग्लंडला परतला आणि १८५४ मध्ये, आपले काम प्रसिद्ध करण्यापूर्वीच, वयाच्या तिशीच्या आरंभी मरण पावला. त्याचे नमुने लंडनजवळच्या क्यू उद्यानाच्या संग्रहात गेले. तेथून जोसेफ हूकर आणि टॉमस टॉमसन यांनी हिंदुस्थानातील वनस्पतींचे जादा नमुने युरोपभर वाटले, त्यांत स्टॉक्सचेही होते. या वाटपाने नमुने जगभर पोहोचले. पण त्यातच पुराव्याचा एक मोठा घोटाळा झाला.

१४/
वाटपासाठी छापील चिठ्ठ्या वापरल्या गेल्या. त्यांवर मजकूर असे : ‘मलबार, कोकण इत्यादी’, आणि संग्राहक म्हणून ‘स्टॉक्स, लॉ इत्यादी’. विचार करा. मुंबईच्या आसपासपासून केरळपर्यंतचा शेकडो मैलांचा किनारा एका ओळीत गुंडाळला गेला. नमुना अस्सल आहे, वनस्पती निःसंशय तीच आहे. पण ती रत्नागिरीची की कालिकतची, १८४५ ची की १८५२ ची, स्टॉक्सच्या हातची की लॉच्या, हे त्या कागदावरून कायमचे पुसले गेले. अस्सल कागदही मुका असू शकतो, तो असा.

१५/
यानंतर चार्ल्स बॅरन क्लार्क. केंब्रिजचा गणिती, बंगालमध्ये शाळाखात्यातील निरीक्षक, आणि सर्व फावला वेळ वनस्पतींना वाहिलेला. निवृत्तीनंतर तो क्यू येथे विनावेतन काम करीत राहिला आणि मुस्तक कुल हा त्याचा खास विषय झाला. हूकरच्या सात खंडांच्या ‘फ्लोरा ऑफ ब्रिटिश इंडिया’ या ग्रंथात या कुलाचा भाग त्यानेच लिहिला. तो सहाव्या खंडात १८९३-९४ च्या सुमारास आला. फुलांचा डौल नसलेल्या, एकमेकींसारख्या दिसणाऱ्या शेकडो जाती त्याने नमुने समोर ठेवून वेगळ्या केल्या.

१६/
मग येतो थिओडोर कुक. आयर्लंडचा अभियंता, पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचा, म्हणजे आजच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचा, प्राचार्य. निवृत्तीनंतर क्यू येथे बसून त्याने १९०१ ते १९०८ या काळात मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा दोन खंडांचा ग्रंथ भागाभागांनी प्रसिद्ध केला. महाराष्ट्रातील वनस्पतींचा अभ्यास करणाऱ्याला आजही तो ग्रंथ चाळल्याशिवाय पुढे जाता येत नाही. लव्हाळ्यांचे कुल त्याच्या दुसऱ्या खंडात येते.

१७/
कुकच्या पानांवर संग्राहकांच्या नावांपुढे एक खूण वारंवार दिसते : उद्गारचिन्ह. ‘कोकण : स्टॉक्स!’ अशा तऱ्हेची नोंद. नवख्या वाचकाला वाटावे, लेखकाला आश्चर्य वाटले की काय. पण वनस्पतिशास्त्राच्या ग्रंथांत या चिन्हाचा अर्थ ठरलेला आहे : ‘हा नमुना ग्रंथकर्त्याने स्वतः पाहिला आहे.’ चिन्ह नसेल तर ती माहिती दुसऱ्या कोणाच्या लेखनातून उचललेली आहे, असे समजावे. एका टिंबाने आणि एका रेघेने ऐकीव आणि प्रत्यक्ष यांच्यामध्ये भिंत उभी केली.

१८/
याच काळात महाराष्ट्रात दुसऱ्या एका क्षेत्रात हाच आग्रह धरला जात होता. १८९८ मध्ये विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड काढला. बखरींवर विसंबून इतिहास लिहिण्याचे दिवस संपले, आता अस्सल पत्रे हवीत, ही त्यांची भूमिका. १९१० मध्ये भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले; कुकचा मृत्यूही त्याच वर्षीचा. या दोघांचा परस्परांशी संबंध नव्हता. पण ‘मूळ कागद दाखवा’ आणि ‘मूळ काडी दाखवा’ या मागण्या एकाच शहराशी नाते असलेल्या दोन माणसांनी एकाच दशकात केल्या, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

१९/
आता त्या उद्गारचिन्हाचा दुसरा अर्थ. मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरील या ग्रंथपरंपरेत स्टॉक्स, लॉ, डाल्झेल यांच्याबरोबर आणखी काही नावे येतात : ‘कानिटकर!’, ‘गराडे!’, ‘भिवा!’. बहुतेक नोंदींत नावापलीकडे त्यांच्याविषयी एक अक्षर नाही. साहेबांची आडनावे येतात. भिवा नुसता भिवा. हुद्दा नाही, आडनाव नाही, गाव नाही. पण नावापुढे उद्गारचिन्ह आहे. याचा अर्थ, त्याने आणलेली काडी शास्त्राच्या दरबारात स्टॉक्सच्या काडीइतकीच ग्राह्य धरली गेली.

२०/
त्या काळच्या समाजात भिवा आणि साहेब यांच्या साक्षीला सारखे वजन मिळाले असते, असे मानणे कठीण आहे. हर्बेरियमच्या कागदावर ते मिळाले, कारण तेथे साक्ष माणसाची नव्हती, वस्तूची होती. ज्या पद्धतीने रंग भट आणि इट्टी अच्युतन यांच्यासारख्यांची साक्ष ग्रंथातून बाहेर घालवली, त्याच पद्धतीने सव्वाशे वर्षांनी भिवाला मागच्या दाराने आत आणले. इतिहासात एकाच गोष्टीच्या पोटी हानी आणि लाभ असे जोडीने येतात.

२१/
पुढची कडी मुंबईची. स्विस जेझुइट फादर एथेलबर्ट ब्लॅटर यांनी सेंट झेवियर्स महाविद्यालयात जो संग्रह उभा केला, तो आज त्यांच्याच नावाने ओळखला जातो. चार्ल्स मॅककॅन यांच्यासह त्यांनी इलाख्यातील मुस्तक कुलाचा फेरअभ्यास केला. तो बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात १९३४-३५ च्या सुमारास प्रसिद्ध झाला. ब्लॅटर १९३४ मध्येच वारले. १९५५ पासून पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचे पश्चिम विभागीय केंद्र आहे, आणि किनाऱ्यावरचे नमुने तेथेही जमा होत आले आहेत.

२२/
इतके कागद जमले म्हणजे इतिहास सिद्ध झाला का? नाही. येथे साधनचिकित्सा सुरू होते. पहिला प्रश्न मौनाचा. एखाद्या पुळणीवरून या लव्हाळ्याचा एकही नमुना कोणत्याच संग्रहात नसेल, तर तो तेथे नव्हता असे म्हणता येत नाही. कदाचित तेथे कोणी गेलाच नसेल. कोकणात जुन्या काळी आगबोट जेथे लागे तेथे संग्राहक उतरे. शिवाय पेटीतली जागा मोजकी. आमरीच्या फुलासमोर वाळूतल्या काडीचा पाड लागत नसे. दप्तरात पत्र नाही म्हणजे घटना घडली नाही, असा निष्कर्ष इतिहासकार काढत नाही. येथेही तोच नियम.

२३/
दुसरा प्रश्न अंश आणि पूर्ण यांचा. हर्बेरियमचा कागद साधारण ४२ सेंटिमीटर लांब आणि २८ सेंटिमीटर रुंद असतो. या लव्हाळ्याचे वाळूखालचे खोड मात्र दूरवर पसरू शकते, आणि वर वेगवेगळे दिसणारे कोंब एकाच रोपाचे असू शकतात. कागदावर येतो तो त्या धाग्याचा वीतभर तुकडा. पुळणीवर त्याची दाट पट्टी होती की एखादाच चुकार कोंब, हे त्या तुकड्यावरून कळत नाही. संग्राहकाने चिठ्ठीवर ‘विपुल’ किंवा ‘विरळ’ एवढा एक शब्द लिहिला असेल, तर तो सोन्याच्या मोलाचा ठरतो.

२४/
तिसरा प्रश्न नावांचा. नंतरच्या अभ्यासकाला चिठ्ठीवरचे नाव चुकीचे वाटले, तर तो ते खोडत नाही. स्वतःचे नाव आणि वर्ष घालून नवी चिठ्ठी शेजारी चिकटवतो. जुनी तशीच राहते. काही कागदांवर अशा तीन-चार चिठ्ठ्या दिसतात. पोथीच्या समासात पिढ्यान्‌पिढ्यांच्या टीपा साठाव्यात तसे हे. चूक पुसायची नाही, तिच्या शेजारी दुरुस्ती ठेवायची, या रिवाजामुळे कोणाला काय आणि केव्हा वाटले होते, याचा माग शाबूत राहतो.

२५/
चौथा प्रश्न बनावटीचा. खोट्या सनदा असतात तशा खोट्या वनस्पतिनोंदीही असतात. स्कॉटलंडच्या पश्चिमेकडील रम बेटावरून न्यूकॅसलचे प्राध्यापक जॉन हेस्लॉप-हॅरिसन यांनी १९४० च्या दशकात अनेक दुर्मीळ वनस्पतींच्या नोंदी जाहीर केल्या. त्यांत ‘केरेक्स बायकलर’ हा लव्हाळ्यांच्याच कुलातला सदस्य होता. १९४८ मध्ये जॉन रेव्हन बेटावर गेला. तो पेशाने अभिजात ग्रीक-लॅटिनचा अभ्यासक, म्हणजे जुन्या संहिता पारखणारा माणूस. काही रोपांभोवती त्या बेटाला परके असे किरकोळ तण त्याला आढळले. रोपे बाहेरून आणून लावली गेली आहेत, असा निष्कर्ष त्याने काढला.

२६/
रेव्हनचा अहवाल केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजात ठेवला गेला आणि तपशिलासह लोकांसमोर आला तो कार्ल साबा यांच्या १९९९ च्या पुस्तकातून. येथे ध्यानात घेण्याची गोष्ट अशी की काडी खरी होती आणि तिची जातही खरी होती. संशय होता तो ‘ही येथे आपणहून उगवली’ या विधानावर. नमुना वनस्पतीची साक्ष देतो. जागेची साक्ष चिठ्ठी देते, आणि चिठ्ठी माणूस लिहितो. कागद आणि शिक्का खरा असूनही मजकूर खोटा असू शकतो, हा सनदांच्या परीक्षेतला धडा येथेही लागू आहे.

२७/
या सगळ्या खटाटोपाचे आज काय मोल? कोकणची पुळण बदलते आहे. वाळूचा उपसा, किनाऱ्यालगतची बांधकामे, दगडी बांध यांनी वाळूच्या टेकड्या आक्रसतात. अनेक ठिकाणी सुरूची बने लावली गेली; सुरू हा मूळचा ऑस्ट्रेलिया आणि आग्नेय आशियाचा वृक्ष. त्याच्या दाट सावलीत आणि गळलेल्या काड्यांच्या थराखाली मर्यादवेल, वाळूतला लव्हाळा यांसारख्या उन्हाच्या वनस्पतींना वाव उरत नाही. ज्यांनी सुरूशिवाय पुळण पाहिलीच नाही, अशा पिढीला सुरूचे बन हाच मूळ किनारा वाटतो.

२८/
किनारा नियमन क्षेत्राची पहिली अधिसूचना १९९१ ची. २०११ आणि २०१९ च्या अधिसूचनांत वाळूच्या टेकड्यांना संवेदनशील घटक म्हटले आहे. पण टेकडी सपाट झाल्यावर ‘येथे टेकडी होती’ हे सिद्ध कसे करायचे? आणि ती पुन्हा उभी करायची तर तिच्यावर काय लावायचे? अशा वेळी ‘अमुक गाव, अमुक साल, वाळूच्या टेकडीवर’ अशी चिठ्ठी असलेला एक नमुना उपयोगी पडतो. नकाशाला रंग देता येतो, आठवणीवर वाद घालता येतो. तारीख आणि ठिकाण असलेल्या काडीशी वाद घालणे अवघड जाते.

२९/
म्हणून या कागदांचा नाश हा इतिहासाचा नाश असतो. १ मार्च १९४३ च्या रात्री दोस्त राष्ट्रांच्या बाँबहल्ल्यात बर्लिनच्या डालेम येथील हर्बेरियमला आग लागली आणि लाखो नमुने जळाले. गेओर्ग क्युकेन्थाल या जर्मन धर्मशास्त्रज्ञाने १९३५-३६ मध्ये सायपरस प्रजातीवर जगाचा आढावा घेणारा ग्रंथ लिहिला होता. त्याने अभ्यासलेले अनेक नमुने या आगीत गेले. सुदैवाने शिकागोच्या फील्ड म्युझियमतर्फे जे. फ्रान्सिस मॅकब्राइड यांनी १९२९ पासून युरोपातील हजारो टाइप नमुन्यांची छायाचित्रे घेतली होती. मूळ जळाले, नक्कल उरली.

३०/
आगीला युद्धच लागते असे नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाने सुमारे सव्वाआठ लाख नमुन्यांचे आपले हर्बेरियम बंद करण्याचा निर्णय जाहीर केला. कारण जागेचे आणि खर्चाचे. दुसऱ्या बाजूला नमुन्यांची छायाचित्रे महाजालावर येत आहेत. युरोपातील संग्रहांत गेलेल्या भारतीय काड्या आता मुंबई-पुण्यात बसून पाहता येतात, आणि भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थाही आपले नमुने अशाच रीतीने खुले करीत आहे. कोनिगच्या काळी एका दिशेने गेलेला प्रवाह निदान चित्ररूपाने परत फिरतो आहे.

३१/
छायाचित्राला मर्यादा आहेतच. त्यातून बीज सूक्ष्मदर्शकाखाली पाहता येत नाही, आणि जनुकीय परीक्षेसाठी पानाचा कण काढता येत नाही. आणि जो नमुना कोणी गोळाच केला नाही, त्याचे छायाचित्रही असणार नाही. राजवाडे गावोगाव हिंडले ते वाळवी लागण्याआधी दप्तरे हाती यावीत म्हणून. किनाऱ्याच्या बाबतीत दप्तर म्हणजे पुळणच. तिच्यावरचा मजकूर जागच्या जागी आहे तोवरच उतरवून घेता येतो.

३२/
अशा नोंदीला फार सामग्री लागत नाही. रोपाचा मुळासकट तुकडा, जुनी वर्तमानपत्रे, दाबायला दोन फळ्या, आणि चिठ्ठीवर चार गोष्टी : ठिकाण, तारीख, जागेचे वर्णन, गोळा करणाऱ्याचे नाव. त्यात वाट दाखवणाऱ्याचे पूर्ण नाव आणि त्याने सांगितलेले वनस्पतीचे नाव या आणखी दोन गोष्टी आवर्जून घालाव्यात. भिवाच्या नोंदीत त्याच्या नावापुढे उद्गारचिन्ह आले, पण मागचे आडनाव आणि गाव राहून गेले. पुढच्या चिठ्ठीवर ते लिहायला जागा आहे.

(समाप्त)